पाऊल क्रमांक एकशे सतरा

साळगर बिल्डकॉनमध्ये सुहासराव चौगुल्यांना सगळे 'शाश्वत साहेब' म्हणत, आणि त्यात चेष्टेचा भाग किती आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं त्यांनी कंपनीचं भांडार सांभाळलं होतं. सळ्या, खिळे, गमबूट, ताडपत्र्या, कुठली वस्तू कोणत्या फळीवर आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असा माणूस. पुढे सरकारी कामांच्या निविदांसाठी त्रिमान सक्तीचं झालं, आणि मालकीणबाई केतकी मॅडमनी त्यांना वर बोलावून सांगितलं की आजपासून कंपनीची शाश्वतता तुमच्याकडे. सुहासरावांनी प्रामाणिकपणे विचारलं होतं की ती ठेवायची कुठे.

त्रिमान म्हणजे तीन आकडे. कंपनी माती, पाणी आणि हवा किती नासते हा पहिला. आणखी दहा वर्षं ती आपल्या पायांवर उभी राहील का हा दुसरा. आणि तिच्यामुळे माणसं सुखी आहेत की त्रासलेली, हा तिसरा. पहिल्या दोघांची मोजमापं जुनी होती. धूळ मोजता येते, ताळेबंद तपासता येतो. घोडं अडत होतं ते तिसऱ्यापाशी. पूर्वी कंपन्या वृक्षारोपणाचे आणि ब्लँकेटवाटपाचे फोटो लावून तो रकाना भरत. एकाच ब्लँकेटवर सात कंपन्यांनी गुण मिळवल्याचं उघडकीस आलं, तेव्हा सरकारने फोटोंवरचा विश्वास काढून तो जमिनीवर टाकला.

जमिनीखाली तसंही काचेच्या तंतूंचं जाळं होतंच. केसाएवढ्या जाडीच्या त्या तंतूतून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका पाठवतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक उणिवा असतात, आणि प्रत्येक उणीव थोडासा प्रकाश मागे परतवते. वरून कोणी चाललं की जमीन किंचित थरथरते, तंतू किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश एक कणभर बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते. म्हणजे एकच तंतू, पण त्याच्या दर मीटरला एक कान. भूकंप आणि तेलवाहिन्या यांसाठी ही युक्ती जुनीच होती. नवीन एवढंच, की लाखो माणसांची चाल ऐकवून संगणकाला आता त्यांची मनं ओळखायला शिकवलं होतं. समाधानी माणसाचं पाऊल सम पडतं, टाच आणि चवडा आपापला वेळ घेतात. वैतागलेला माणूस टाच आपटतो आणि पाऊल आखडतं घेतो. यंत्राला माणसाचं नाव कळत नसे. ते प्रत्येकाला फक्त एक क्रमांक देई, आणि तो क्रमांक कोणाचा हे शोधून काढायला कायद्याने मनाई होती.

मिरजेतल्या चिंचेच्या गल्लीत साळगरांचं अकरा मजली दवाखाना-संकुल उठत होतं. तिथला तंतू यंत्राला जोडला त्या दिवसापासून सुहासरावांचे वाईट दिवस सुरू झाले.

कामगारांचा प्रश्न त्यांनी चटकन सोडवला. रोज सकाळी फाटकाशी अर्धा तास 'पाऊलवर्ग' भरू लागला. हलगीच्या ठेक्यावर पन्नास-साठ गवंडी, बिगारी आणि सळईवाले, खांदे सैल, मान सरळ, टाच हळू, असे चालायला शिकले. तंतूच्या पट्ट्यात ते वरातीतल्या नवरदेवासारखे चालत आणि पट्टा संपला की पुन्हा आपल्या मूळ चालीवर येत. जत तालुक्यातली शांतव्वा बिगारी तर इतकी सुरेख चाले की सुहासराव तिला नव्या लोकांपुढे नमुना म्हणून उभी करत. कामगारांचा आकडा सुधारला. तरीही तिसरं मान एकेचाळीसच्या वर जाईना, आणि कृष्णेवरच्या नव्या पुलाच्या निविदेला निदान साठ लागत होते. पूल मिळाला नाही तर संकुल संपताच तीनशे माणसं घरी बसणार होती. शाश्वत साहेबांचं नाव त्या यादीत बरंच वर होतं.

जुलैत एके दिवशी केतकी मॅडमनी त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला. वडिलांच्या मागे चौतिसाव्या वर्षी कंपनी अंगावर घेतलेली ही बाई आवाज चढवत नसे. फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवी, आणि तेवढ्याने समोरच्याला घाम फुटे. गल्लीभर पिवळे-हिरवे ठिपके होते आणि त्यांतून एक लालभडक रेघ. पाऊल क्रमांक एकशे सतरा. मॅडमनी समजावलं की क्षणिक राग यंत्र माफ करतं, पण तोच माणूस रोज, महिनोन्महिने, त्याच रागाने चालत असेल तर त्याचं वजन शंभरपट धरतं. या एका पावलाने कंपनीचे वीसेक गुण खाल्ले होते. कोण आहे हे विचारायचं नाही, शोधायचंही नाही, मात्र त्या भागातल्या लोकांना काय त्रास आहे ते बघून तो दूर करा, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

सुहासरावांना काही शोधावं लागलं नाही. रेघ कोपऱ्यावरच्या बैठ्या घरातून निघत होती, दूधकेंद्रावरून जैन बस्तीपर्यंत जात होती आणि पार्श्वनाथांचं दर्शन घेऊन त्याच वाटेने परतत होती. ते घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं.

शैलाअक्का मगदूम मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळ शिकवत होत्या. आई लवकर गेल्यावर सुहासरावांना त्यांनीच वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी संकुलाच्या ना-हरकतीचा कागद घेऊन तेच अक्कांकडे आले होते आणि तुझ्या घराला धक्का लागणार नाही असा शब्द देऊन सही नेली होती. दुसऱ्याच महिन्यात पाया खोदताना अक्कांच्या माजघराच्या भिंतीला तडा गेला. अक्कांनी तक्रार केली नाही. त्यांनी भावाशी बोलणं बंद केलं. गेल्या भाऊबीजेला सुहासराव गेले तेव्हा त्यांनी ओवाळलं, करंज्या वाढल्या, दुसऱ्यांदा चिवडा घातला, पण तोंडातून अक्षर काढलं नाही.

तेव्हा सुहासरावांनी अक्कांचा राग घालवण्याची मोहीम उघडली, आणि ती कंपनीच्या खात्यावर असल्याने सढळ हाताने उघडली. तडा बुजवला. माजघर रंगवलं. धुळीसाठी जाळीचा पडदा टांगला, गटारावर नवी फरशी टाकली. अक्का गवंड्यांना चहा देत, रंगाऱ्याला पोहे देत, आणि सुहासरावांशी बोलायचं झालंच तर भिंतीवरच्या यजमानांच्या तसबिरीमार्फत बोलत. एवढं सगळं होऊन आकडा तीनने वाढला आणि लाल रेघ होती तशीच राहिली.

मग एका दुपारी अक्का ओसरीची पायरी उतरताना त्यांना दिसल्या. त्या आडव्या होऊन उतरत होत्या, उजवा पाय आधी, डावा मागून ओढत. सुहासरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी तिथूनच पुण्याला डॉक्टर फडतऱ्यांना फोन लावला. यंत्राला चाल वाचायला शिकवणाऱ्या मंडळींपैकी हे एक. गुडघा दुखणाऱ्या माणसाचं पाऊल यंत्र कसं वाचतं, असं सुहासरावांनी अगदी सहज म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले की दुखण्याची आणि रागाची बाराखडी पावलात सारखीच उमटते. शंका आली की यंत्र अर्धं वजन रागाचं धरतं.

सुहासरावांना रस्त्यात उडी मारावीशी वाटली. अक्का रागावलेली नव्हतीच. तिचा गुडघा दुखत होता.

मिरजेत गुडघा बदलणं म्हणजे तोवर दाढी करून येण्याइतकं सोपं झालं होतं. तुमच्याच हाडाच्या मापाचा सांधा सकाळी छापून होई आणि दुपारी बसवला जाई. अक्का तयार झाल्या, पण तेही तसबिरीला सांगून. सुहासरावांनी पंधरा दिवस रजा टाकली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी डोळे उघडले, भावाकडे पाहिलं आणि दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य त्या बोलल्या, "उशी जरा वर कर, आणि तो शर्ट बदल. पोट दिसतंय."

सुहासरावांनी उशी वर केली आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पडदा सारखा करत राहिले.

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. सुहासराव भात लावत, अक्का पलंगावरून शिट्ट्या मोजत. बोलणं एकदा सुरू झालं ते थांबेना. कोणत्या चुलतबहिणीने कोणाच्या लग्नात काय नेसलं होतं इथपर्यंत दोघं मागे जाऊन आले. आणि इकडे आकडा चढत होता. अक्का अंथरुणात, त्यामुळे एकशे सतरा गप्प, त्यामुळे तिसरं मान एकसष्ट. केतकी मॅडमनी पेढे पाठवले. अक्कांनी पेढे खाल्ले आणि कशाचे म्हणून विचारलं. सुहासरावांनी कामाचे, असं सांगितलं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी अक्कांना रोज दोन किलोमीटर चालायला सांगितलं.

खेळाच्या शिक्षिकेला चालायला सांगणं आणि माशाला पोहायला सांगणं सारखंच. अक्का पहाटे निघत, पुन्हा अकराला निघत, पुन्हा पाचला. पूर्वी बस्तीपर्यंतच जाणारी रेघ आता साऱ्या संकुलाला वेढे घालू लागली. गुडघा झकास होता. पाऊल स्वच्छ, दमदार पडत होतं. आणि यंत्राला आता कसलीच शंका उरली नव्हती: शुद्ध राग, खात्री शेकडा त्र्याण्णव, पूर्ण वजन. आकडा एकसष्टवरून एकोणचाळीसवर आला.

मॅडमनी चष्मा काढलाच होता. सुहासराव तडक अक्कांकडे गेले आणि कायदा गुंडाळून ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं: तंतू, नकाशा, एकशे सतरा, पूल, तीनशे माणसं. अक्का शेंगा सोलत ऐकत होत्या. शेवटी सुहासराव म्हणाले की महिनाभर जरा हळू पाऊल टाक, हवं तर कसं टाकायचं ते मी दाखवतो.

"मला चालायला शिकवतोस?" अक्का म्हणाल्या. "तुला कोणी शिकवलं रे चालायला?"

सुहासरावांनीही एक शेंग सोलायला घेतली. मग त्यांनी विचारलं की भिंत तर केली, आता कशाचा राग आहे.

"भिंतीचा राग मी तेव्हाच सोडला. घर म्हटलं की तडे जातात." अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मागच्या दाराशी जाऊन बघ. साडेबारा वाजले."

मागच्या दाराशी शांतव्वा उभी होती आणि तिच्यामागे दहा बायका. त्या अक्कांचं न्हाणीघर आणि संडास वापरायला आल्या होत्या. वर्षभर रोज दुपारी येत होत्या. दुखऱ्या गुडघ्याने अक्का त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत होत्या आणि सहा आठवडे अंथरुणात असतानाही त्यांनी मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती; रजेच्या दिवसांत सुहासराव त्या वेळी स्वयंपाकघरात भाताकडे बघत असत.

कामावर बायकांसाठी स्वच्छतागृह होतं. आठ खोल्या, पांढऱ्या फरश्या, आरसा, हात धुवायला सुवासिक साबण. त्याचे चार फोटो अहवालात होते आणि खाली सुहासरावांच्या अक्षरात 'उत्तम सोय' असं लिहिलं होतं. तपासणीपर्यंत फरश्या पांढऱ्या राहाव्यात म्हणून त्याला कुलूप होतं. बायका मागचा पत्र्याचा संडास वापरत असतील असं सुहासरावांनी धरून चाललं होतं. तिथे पाणी आहे का, पुरुषही तिथेच जातात का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पावलं कशी टाकायची ते मात्र रोज अर्धा तास शिकवलं होतं. आणि शांतव्वा, एवढं अंतर कळ दाबून चालणारी शांतव्वा, त्यांची नमुन्याची विद्यार्थिनी होती.

"किल्ली कोणाकडे आहे?" अक्कांनी विचारलं.

सुहासरावांनी खिशातून जुडगा काढला. भांडारी माणूस, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत.

त्याच दुपारी कुलूप निघालं आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊलवर्ग बंद झाला. कामगार आपल्या खऱ्या चालीने चालू लागले आणि आकडा एकतीसवर गेला. सुहासराव स्वतःच मॅडमकडे गेले. अक्कांचं नातं, हलगी, कुलूप, सगळं सांगितलं आणि राजीनामा टेबलावर ठेवला. केतकी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला. हे सुहासरावांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी इतकंच विचारलं की खरं चालून साठ व्हायला किती दिवस लागतील. सुहासराव म्हणाले की माहीत नाही. तपासणीला सात आठवडे होते.

ते सात आठवडे सुहासराव माणसांना त्रास कशाचा होतो ते विचारत फिरले. उत्तरं ऐकून त्यांना लाज वाटे, कारण बहुतेक गोष्टी त्यांच्या जुन्या भांडारातच पडून होत्या. गमबूट पुरुषांच्या मापाचे होते म्हणून बायकांच्या टाचा सोलत होत्या. लहान मापाचे दोन खोकी भरून पडले होते. सावलीला ताडपत्री हवी होती. ताडपत्र्यांची चळत होती. काँक्रीटचा पंप संध्याकाळी सहाला खरोखर थांबू लागला. मॅडम एकदा स्वतः उन्हात चौथ्या मजल्यावर चढल्या आणि खाली येऊन त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या वर नेण्याचा हुकूम दिला. आकडा मुंगीच्या पावलाने चढत गेला. चाळीस. एकोणपन्नास. छप्पन्न. लाल रेघ नारिंगी झाली. तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा तो अठ्ठावन्नवर येऊन रुतला.

सुहासरावांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण बांधकामावर गोष्टी भिंतीआधी उभ्या राहतात. सकाळी शांतव्वा त्यांच्यापुढे आली. "साहेब, दोनच कमी हायत म्हणं," ती म्हणाली. "दोन दिवस तसं चालतो की आम्ही. काय जातंय आमचं?"

सुहासरावांनी नको म्हणून सांगितलं, निक्षून सांगितलं, आणि कोणी ऐकलं नाही. ते दोन दिवस साळगर बिल्डकॉनचे कामगार डोक्यावर घमेली घेऊन नवरदेवासारखे चालले. कोणीतरी हलगी आणली. शांतव्वाने सुहासरावांची नक्कल केली, 'खांदे सैल, टाच हळू', आणि लोक इतके हसले की एका गवंड्याला खाली बसावं लागलं. आकडा चौसष्ट झाला. सुहासरावांनी घाबरून फडतऱ्यांना फोन केला की खोटी चाल चालताना माणसं खरोखर हसत असतील तर यंत्र काय धरतं. डॉक्टर म्हणाले की हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तपासणीला दळवीबाई आल्या. बारीक चणीच्या, कंटाळलेल्या, तीस बांधकामं बघून झालेल्या. सुहासरावांनी अहवाल पुढे केला. शेवटच्या पानावर त्यांनी रात्रभर मनाशी झगडून एक ओळ लिहिली होती: 'शेवटच्या दोन दिवसांचे गुण कामगारांनी मुद्दाम चांगलं चालून मिळवले आहेत. ते धरू नयेत.'

दळवीबाईंनी ओळ दोनदा वाचली. मुद्दाम का चालले, असं विचारलं. सुहासराव म्हणाले की मी नको म्हटलं होतं. बाई म्हणाल्या की कामगारांकडून जबरदस्तीने लबाडी करून घेणाऱ्या कंपन्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या. कंपनी नको म्हणत असताना कामगारांनी केलेली लबाडी ही पहिलीच. त्यासाठी रकाना मात्र नाही. त्यांनी अठ्ठावन्न लिहिले आणि सरकारी विश्रामगृहावर जेवायला निघून गेल्या.

सुहासराव अक्कांकडे आले आणि पाटावर बसले. खरं लिहिलं आणि पूल गेला, एवढंच त्यांनी सांगितलं. बहीण पाठीवरून हात फिरवेल अशी त्यांची समजूत होती.

"खरं लिहिलंस ते बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "पण दोन गुणांसाठी तीनशे माणसांचं काम घालवून आलास? पस्तीसला तेहतीस पडलेल्या पोरींना मी काय नापास करत होते होय? कुठे उतरलीय ती बाई?"

सुहासराव काही बोलायच्या आत अक्का चपला घालून बाहेर पडल्या होत्या. ते मागून धावले, पण नव्या गुडघ्याशी त्यांचा काही इलाज चालला नाही. ते विश्रामगृहावर पोचले तेव्हा अक्का दळवीबाईंसमोर बसल्या होत्या आणि नियमांचं पुस्तक उघडं होतं. एकोणचाळिसाव्या कलमात शेजाऱ्याच्या लेखी जबाबाला तीनपर्यंत गुण द्यायची तरतूद होती. दळवीबाई म्हणाल्या की ती आजवर कोणी वापरलेली नाही, कारण शेजारी कंपनीबद्दल लिहितात ते गुण देण्यासारखं नसतं.

अक्कांनी चार पानं लिहिली. पहिल्या तीन पानांत भिंत, धूळ, आवाज, कुलूप आणि कंपनीच्या अधिकाऱ्याची अक्कल यांचा सविस्तर समाचार होता. दळवीबाई वाचत गेल्या तसतसे सुहासराव खुर्चीत खाली सरकत गेले. चौथ्या पानावर पाचच ओळी होत्या, आणि त्या बाईंनी मोठ्याने वाचल्या:

"ही कंपनी खोटारडी होती. आता कमी आहे. बायकांचं कुलूप उघडलं आहे, ते पुन्हा लागलं तर मी कळवीन. दोन गुण द्यावेत. शैला मगदूम, निवृत्त क्रीडाशिक्षिका."

दळवीबाईंनी कागदाची घडी घातली आणि नियमाप्रमाणे एक शेवटचा प्रश्न विचारला. जबाब देणाऱ्याचं कंपनीत कोणी नात्याचं आहे का?

"हा आहे की, हा काय बसलाय. माझा धाकटा भाऊ," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर दोन दिले. परका असता तर तीन दिले असते."

दळवीबाईंनी तेही जबाबाखाली लिहून घेतलं, अक्कांची पुन्हा सही घेतली, आणि अठ्ठावन्नवर काट मारून शेजारी साठ लिहिले.